डिजिटल सुगम्यतेच्या क्षेत्रात लिहिण्या-सांगण्याचं काम: अनुभव आणि थोडे प्रश्न

शब्दवेडी (पुणे)

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कम्युनिकेशन आणि मार्केटिंग बघते. दिव्यांग लोकांना एखादी वेबसाइट किंवा ॲप नीट वापरता येतं का, हे आमची कंपनी तपासते, चुका दाखवते आणि दुरुस्तीला मदत करते. त्याआधी नऊ वर्षं मी जाहिरात संस्थेत कॉपी लिहायचे. बिल्डर, सराफ, मसाले, शाळांचे प्रवेश, सगळं केलं. इथे आता सहावं वर्ष चालू आहे.

पहिल्या वर्षातला एक प्रसंग सांगते, कारण माझं काम खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

आमची एक कार्यशाळा होती. मी मराठी प्रेसनोट लिहिली. वर्तमानपत्रांना सोयीची म्हणून ती डीटीपीवाल्याकडून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करून घेतली, तिचीच पीडीएफ केली आणि वेबसाइटवर चढवली. छान दिसत होती. शेजारच्या टेबलावर आमचा एक सहकारी बसतो. तो जन्मांध आहे आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, लावून साइट तपासण्याचं काम करतो. त्याने मला बोलावलं, हेडफोनची पिन काढली, मला ऐकू यावं म्हणून आवाजाचा वेग निम्म्यावर आणला आणि माझी प्रेसनोट लावली. संगणक वाचत होता: एक इंग्रजी अक्षर, मग दुसरं, मग 'डॉलर', मग 'कंस सुरू', पुन्हा दोन अक्षरं, 'परसेंट'. असं पानभर. मथळा होता 'वेबसाइट सर्वांसाठी'. त्याने फक्त एवढंच विचारलं, "ह्यात तारीख कुठे आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते भलतंच इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्ट त्याच्यावर फक्त मराठी अक्षराचं चित्र चढवतो. स्क्रीन रीडर चित्र बघत नाही, खालचं अक्षर वाचतो. गूगललाही ते मराठी म्हणून सापडत नाही. म्हणजे कार्यशाळा ज्यांच्यासाठी होती त्यांना ती प्रेसनोट वाचताच येत नव्हती. मी त्या रात्री बसून पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखीही 'क' हा 'क'च असतो त्या पद्धतीत, पुन्हा टाइप केला.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत आहे. पोस्टर, व्हिडिओ, ईमेल, आमंत्रण, जे काही बाहेर जाणार ते आधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाच्या हातातून जातं. आणि ते तास त्याच्या कामाच्या वेळेत धरले जातात. 'जरा बघतोस का' म्हणून फुकट करून घेतलेलं काम नसतं ते.

आता मुद्दा. ह्या क्षेत्रात आपलं म्हणणं लोकांच्या गळी उतरवायचे दोन सोपे रस्ते आहेत. एक दयेचा: मंद संगीत, पांढरी काठी, 'त्यांच्या अंधारात प्रकाश'. दुसरा भीतीचा: 'कायदा आला, दंड बसेल, आजच फोन करा'. मी दोन्ही वापरून बघितले आहेत. दयेने टाळ्या मिळतात आणि बजेट मिळत नाही. भीतीने बजेट मिळतं, पण गिऱ्हाईक सर्टिफिकेट मागतं आणि सहा महिन्यांत साइट पुन्हा होती तशी होते. मला दोन्ही रस्ते मनापासून नकोसे झाले आहेत. जे खरं आहे तेच नेमकं सांगून हे काम होतं, असं मला वाटतं, आणि त्यासाठी कसं लिहावं हेच मी रोज शिकते आहे.

तुमचे अनुभव लिहा. वापरणारे, बनवणारे, जाहिरातवाले, सगळ्यांचे हवेत. मराठीत ह्या विषयावर फारच कमी लिहिलं गेलंय.

---

नवी_पालवी (ठाणे)

वाचतेय. मी कॉपीरायटर आहे, चार वर्षं झाली. ताई, तुम्ही दिवसभर नक्की काय करता? आणि ह्यात यायचं तर आधी काय शिकावं?

---

गोदाकाठ (नाशिक)

धागा काढल्याबद्दल आभार. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, बँकेत अधिकारी आहे. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर वापरतो. हा धागाही तसाच वाचतोय.

वापरणाऱ्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी लिहितो.

आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर नोटीस येते ती हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो असते. फोटोतला मजकूर वाचून दाखवणारी ॲप आहेत, छापील मराठी ती बऱ्यापैकी वाचतात, पण हस्ताक्षर आलं की गडबड. मागच्या उन्हाळ्यात टाकी धुणार होते. नोटीस सगळ्यांना 'मिळाली', मलाही मिळाली. सकाळी नळ कोरडा, तेव्हा कळलं. चिटणीस चांगले गृहस्थ आहेत. त्यांना सांगितल्यावर ते आता फोटोखाली दोन ओळी टाइप करतात. दोन ओळी पुरतात हो.

ॲपचं म्हणाल तर एक नेहमीचा अनुभव. स्क्रीनवर बोट फिरवतोय आणि फोन म्हणतोय, 'लेबल नसलेलं बटण', 'लेबल नसलेलं बटण', 'लेबल नसलेलं बटण'. त्यातलं एक बटण पैसे पाठवायचं आहे आणि एक रद्द करायचं.

आणि केवायसी, म्हणजे बँकेची ओळख-पडताळणी. 'चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकावा.' चौकट कुठे आहे हे मला कोण सांगणार? ह्याच विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या ज्यांना डोळे मिचकावता येत नाहीत त्या, आणि एक दृष्टिहीन वकील, अशा याचिका होत्या. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि वीस निर्देश दिले. मी तो निकाल एनव्हीडीएवर पूर्ण ऐकला. रात्रीचा एक वाजला होता, पण थांबवेना.

आता तुमच्या मार्केटिंगबद्दल. माझ्यावर दोनदा बातमी आली आहे. दोन्ही वेळा मथळ्यात 'अंधत्वावर मात'. मी कशावरही मात केलेली नाही. मी अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि जिथे सॉफ्टवेअर नीट होतं तिथे माझं काम झालं. जिथे नव्हतं तिथे अडलं. बातमीत त्या सॉफ्टवेअरबद्दल एक ओळ नव्हती. तुम्ही लोक ती ओळ लिहा.

---

शब्दवेडी (पुणे)

गोदाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

नवी_पालवी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

कामाचा मोठा भाग साधाच आहे: लेख, केस स्टडी, वेबिनार, लिंक्डइनच्या पोस्ट, विक्रीच्या टीमसाठी कागदपत्रं. फरक लिहिताना पडतो. एक उदाहरण घे. कार्यशाळेतला एक फोटो साइटवर टाकायचा होता. फोटोसोबत ऑल्ट टेक्स्ट द्यावं लागतं, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राच्या जागी जे वाचतो तो मजकूर. आमच्या इंटर्नने आधी लिहिलं: 'कार्यशाळेचे छायाचित्र'. ह्यातून काहीच कळत नाही. मग तिने लिहिलं: 'पांढरी काठी घेतलेला दृष्टिहीन वक्ता प्रेरणादायी भाषण देताना'. आता भाषण प्रेरणादायी होतं हे फोटोत कुठे दिसतंय? शेवटी तिनेच पुन्हा बसून लिहिलं: 'मंचावर वक्ता बोलतोय. मागच्या पडद्यावर बँकेच्या ॲपचं लॉगिन पान, त्यातल्या तीन बटणांभोवती लाल चौकट.' तो फोटो आम्ही त्या पडद्यासाठीच टाकत होतो. बस. फोटो इथे का आहे, हे आधी ठरवायचं आणि तेवढंच लिहायचं. पोस्टर असेल तर त्यावरचा सगळा मजकूर पोस्टमध्ये टाइप करायचा, तिथे तडजोड नाही.

सोशल मीडियावरच्या काही गोष्टी इंग्रजी मार्गदर्शनात मिळत नाहीत, त्या मराठीत काम करताना कळल्या. इंग्रजी हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करा असं सांगतात, म्हणजे शब्द सुटे वाचले जातात. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही. म्हणून आम्ही शब्दांमध्ये अंडरस्कोर टाकतो: #सगळ्यांसाठी_वेबसाइट. लिंक्डइनवर ती नटवलेली जाड इंग्रजी अक्षरं बघितली असशील. ती खरं तर गणिताची चिन्हं असतात. स्क्रीन रीडर एक तर ती गाळतो, नाहीतर प्रत्येक अक्षराला 'मॅथेमॅटिकल बोल्ड' म्हणत जातो. दिवाळीच्या पोस्टमध्ये ओळीने दहा पणत्या टाकल्या तर ऐकणाऱ्याला दहा वेळा 'दिवा' ऐकू येऊ शकतं. एक पणती पुरे. आणि पानाची भाषा मराठी आहे हे वेब टीमने कोडमध्ये नोंदवलंय ना, हे विचारायला शीक. तिथे इंग्रजी असेल तर आपलं मराठी परक्या उच्चारात वाचलं जातं, किंवा वाचलंच जात नाही.

रंगांचं गणितही शीक. डब्ल्यूसीएजी हा वेब सुगम्यतेचा जागतिक निकष आहे. ताजी आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. आपल्याकडच्या बॅनरवर भगव्या पट्टीत पांढरी अक्षरं असतात ना, तो फरक साधारण २.१ येतो. म्हणजे मथळ्यालाही पुरत नाही. पिवळ्यावर शुद्ध लाल साधारण ३.७: मोठा मथळा चालेल, खालचा पत्ता आणि वेळ त्यात लिहू नका. मोतीबिंदू असलेल्या माणसाला, उन्हात फोन धरलेल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी १० लाख मुखपृष्ठं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर यंत्राला सापडणाऱ्या चुका निघाल्या, आणि सर्वांत जास्त आढळलेली चूक हीच, फिकट मजकूर: ७९.१ टक्के पानांवर. इतकी साधी गोष्ट.

काय शिकावं: आजच एनव्हीडीए उतरवून घे. तो मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह ह्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला. माउस बाजूला ठेव, स्वतः लिहिलेलं एक पान फक्त कानांनी वाच. पुढे आयएएपी ह्या सुगम्यता क्षेत्रातल्या जागतिक संस्थेची सीपीएसीसी ही मूलभूत परीक्षा देता येते, तिला प्रोग्रॅमिंग लागत नाही, मीही दिली. पण परीक्षेच्या आधी गोदाकाठांसारख्या चार लोकांशी बोल.

---

व्याकरणप्रेमी (सांगली)

निवृत्त शिक्षक आहे. विषय चांगला आहे, पण एक शंका. 'सुगम्यता' हा शब्द हिंदीतून उचललेला वाटतो. आपल्याकडे 'सुलभता' असताना तो का? शिवाय दिव्यांग, अपंग, दृष्टिहीन, अंध, ह्यांत योग्य काय? पूर्वी पुण्यात अपंग कल्याण आयुक्तालय होते, आता त्याचे नाव दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. शब्द बदलून काय साधते?

---

गोदाकाठ (नाशिक)

सर, मी घरी 'आंधळा' सोडून काहीही चालवून घेतो. मित्र 'अंध' म्हणतात, मला त्यात गैर वाटत नाही, सरळ शब्द आहे. 'दिव्यांग' सरकारी कागदावर लिहितो. माझ्या एका मैत्रिणीला तो अजिबात आवडत नाही, ती म्हणते, 'माझ्यात दिव्य काही नाही, पायात कॅलिपर आहे.' तेव्हा ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला विचारा.

---

शब्दवेडी (पुणे)

सर, 'सुगम्य' हा शब्द लोकांपर्यंत पोचला तो २०१५ च्या सुगम्य भारत अभियानामुळे, हे खरं. मी 'सुलभता' वापरून बघितलं. अडचण अशी की 'सुलभ' म्हटलं की लोकांना 'सोपं' वाटतं, आणि मग क्लायंट म्हणतो, आमची साइट सोपीच आहे. 'सुगम' मध्ये 'गम्' धातू आहे, जाणं, पोचणं. तिथवर पोचता येतंय का, हाच आमचा प्रश्न असतो. पण सामान्य वाचकांसाठी लिहिताना मी दोन्ही शब्द टाळते आणि सरळ लिहिते: 'ही साइट न बघता वापरता येते का? ऐकू येत नसेल तर व्हिडिओ कळतो का? माउस न धरता फॉर्म भरता येतो का?' हे प्रश्न वाचल्यावर व्याख्या लागत नाही.

---

अक्षरजुळारी (कोल्हापूर)

ताई, राग मानू नका, पण जरा आमची बाजू ऐका. माझं डीटीपीचं दुकान आहे, एकवीस वर्षं. दिवसाला वीस-पंचवीस डिझाइन: वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, जत्रा. जुन्या फॉन्टमध्ये हात बसलाय. शेकडो वळणं मिळतात. युनिकोड घेतलं तर माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो, पहिली वेलांटी उलटी पडते. गिऱ्हाईक समोर उभं असतं. 'अर्ध्या तासात द्या.' त्यात अंध माणसाने पोस्टर वाचायचं हा विचार कोण करणार? तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला, हे मात्र खरं.

---

शब्दवेडी (पुणे)

दादा, राग कसला. माझ्या प्रेसनोटचा फॉन्ट मीच मागितला होता, डीटीपीवाल्याची चूक नव्हती.

तुम्हाला सगळं सोडायला सांगत नाही. पोस्टर जुन्याच फॉन्टमध्ये करा, शेवटी ते चित्रच असतं. फक्त गिऱ्हाईकाला पाठवताना सोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला द्या, म्हणजे ते फोटोखाली चिकटवतील. फोनवर बोलूनही टाइप होतो, दोन मिनिटं लागतात. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण नंतर एकदा वाचून घ्या, जोडाक्षरांत चुका राहतात. आणि सवडीने नवं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा वळणांची चिंता करू नका. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींचे मुक्त आणि बलू फॉन्ट, आयआयटी मुंबईचा शोभिका, हे सगळे युनिकोड आहेत आणि मोफत आहेत. बलू तर वाढदिवसाच्या बॅनरला फारच छान दिसतो.

---

रानवारा (डब्लिन)

इथे युरोपात ह्या विषयाला २०२५ मध्ये एकदम जोर आला. युरोपियन ॲक्सेसिबिलिटी ॲक्ट, म्हणजे २०१९ चा ८८२ क्रमांकाचा निर्देश, २८ जून २०२५ पासून लागू झाला. ऑनलाइन दुकानं, बँक सेवा, ई-बुक, तिकीटविक्री, एटीएम, सगळं त्यात येतं. भारतातून इथल्या ग्राहकांना विकणाऱ्यांनाही तो लागू आहे. सेवा देणाऱ्या अगदी छोट्या उद्योगांना सूट आहे.

मी एका ई-कॉमर्स टीममध्ये प्रॉडक्टचं काम करतो. मे-जूनमध्ये मला आलेल्या मेल धागाकर्तीने सांगितलेल्या भीतीच्या रस्त्यावरच्या. 'उरले फक्त बारा दिवस.' आणि उपाय काय, तर साइटवर कोडची एक ओळ टाका, कोपऱ्यात एक निळं चिन्ह येईल, साइट आपोआप सुगम्य. ह्याला ओव्हरले म्हणतात. चित्राचा अर्थ, फॉर्ममधल्या रकान्यांची नावं, कीबोर्डचा क्रम, ही दुरुस्ती मूळ कोडमध्ये करावी लागते. वरून लावलेली पट्टी बरेचदा स्क्रीन रीडरच्याच आड येते.

मार्केटिंगवाल्यांनी एक प्रकरण जरूर वाचावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसिबी ह्या ओव्हरले कंपनीवर कारवाई जाहीर केली, एप्रिलमध्ये आदेश कायम झाला. रक्कम १० लाख डॉलर. आक्षेप दोन होते: आमचं साधन कुठलीही साइट डब्ल्यूसीएजीप्रमाणे करून देतं हा दावा, आणि स्वतंत्र परीक्षणं वाटावीत अशा बेताने छापून आणलेले लेख. दोन्ही गोष्टी जाहिरातीच्या आहेत, बघा. त्या वाक्यांवर कॉपीरायटरनेच हात फिरवलेला असणार.

---

शब्दवेडी (पुणे)

रानवारा, नेमकं बोललात. त्या आदेशानंतर आम्ही आमचीच जुनी पत्रकं काढून बसलो. दोन ठिकाणी '१०० टक्के सुगम्य' सापडलं. माझंच वाक्य, पहिल्या वर्षातलं. काढून टाकलं. आता आम्ही असं लिहितो: 'अमुक तारखेला, क्रोम आणि एनव्हीडीएवर, दोन दृष्टिहीन तपासनिसांनी खरेदीचा पूर्ण मार्ग तपासला. शोध, टोपली, पैसे भरणं चाललं. दुकानांचा नकाशा कीबोर्डवर अजून चालत नाही, काम सुरू आहे.' विक्रीच्या टीमला सुरुवातीला हे आवडलं नव्हतं. उणीव कशाला लिहायची? पण वापरणाऱ्याला नकाशात दहा मिनिटं अडकण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही बरं, आणि तपासायला येणाऱ्या मोठ्या कंपन्या ह्या ओळीमुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवतात.

---

मायलेक (पणजी)

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला ऐकू येत नाही. ती भारतीय सांकेतिक भाषा बोलते आणि मराठी वाचते. तुम्हा व्हिडिओवाल्यांना सांगणं आहे.

दुभाष्याची चौकट कोपऱ्यात इतकी लहान ठेवतात की बोटं दिसत नाहीत. चेहरा दिसत नाही. सांकेतिक भाषेत भुवया आणि ओठसुद्धा बोलतात. खाली कॅप्शन असेल तर त्यावरून जाहिरातीची पट्टी सरकत असते. आणि 'कॅप्शन दिलंय, मग दुभाषी कशाला' असं म्हणू नका, सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे. बऱ्याच मुलांची ती पहिली भाषा असते, मराठी दुसरी.

आम्ही जानेवारी २०२३ मध्ये इथे पहिल्या पर्पल फेस्टला, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाला, गेलो होतो. मंचाशेजारी दुभाषी पूर्ण उंचीची उभी होती. लेक त्या दिवशी एकदाही मला 'काय म्हणाले' असं विचारायला वळली नाही. घरी आल्यावर तिनेच मला सगळं सांगितलं.

---

नवी_पालवी (ठाणे)

मायलेक, दोनदा वाचलं.

शब्दवेडी ताई, एनव्हीडीए उतरवला. माझ्याच कंपनीच्या साइटवर 'आणखी वाचा, आणखी वाचा, आणखी वाचा' असं नऊ वेळा ऐकलं. कशाबद्दल आणखी वाचा, ते कुठेच नाही. त्या नऊ लिंका मीच लिहिल्या आहेत. उद्या बदलते.

अजून एक विचारायचंय. दया नको, भीती नको, मग क्लायंटला पटवायचं कसं? आमचे क्लायंट छोटे आहेत, त्यांना जागतिक निकष वगैरे दूरचं वाटतं.

---

शब्दवेडी (पुणे)

एक मीटिंग सांगते. नाव सांगत नाही, पश्चिम महाराष्ट्रातली एक पतसंस्था. संचालक मंडळ, चहा, बिस्किटं. मी स्लाइड नेल्या होत्या. त्यात २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा, त्याचं माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दलचं कलम ४२, सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल, ज्यात सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, बंधनकारक करा असं केंद्राला सांगितलं, हे सगळं होतं. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती, हेही होतं. (हा आकडा मी आता जपून वापरते. तेव्हाची मोजणी आठ प्रकारांत होती, २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले.)

तिसऱ्या स्लाइडला लोक घड्याळ बघायला लागले. मी प्रोजेक्टर बंद केला आणि सहकाऱ्याला म्हटलं, तू ह्यांच्याकडे ठेव ठेवायची आहे असं समज. त्याने लॅपटॉपवर त्यांची साइट उघडली. 'ठेवींचे व्याजदर' ही लिंक सापडली. आत गेला. संगणक म्हणाला, 'ग्राफिक', आणि पाठोपाठ फाइलच्या नावातले आकडे. पुन्हा फिरला, पुन्हा तेच. दरांचा अख्खा तक्ता म्हणजे एक चित्र होतं. खोलीत कोणी बोलेना.

बोलल्या त्या मागे उभ्या असलेल्या लिपिक बाई. म्हणाल्या, "साहेब, दर विचारायला रोज सकाळभर फोन येतात. मला वाटायचं लोक साइट बघतच नाहीत." मग उलगडलं. तक्ता चित्रात होता म्हणून तो गूगलवर सापडत नव्हता, फोनवर उघडला तर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती, मोठं केलं की फुटत होती. साठीच्या पुढचे ठेवीदार सरळ फोन लावत होते आणि ह्या बाईंची सकाळ त्यात जात होती.

पुढच्या आठवड्यात तो तक्ता मजकुरात आला. काम आम्हाला मिळालं ते त्या बाईंच्या फोनमुळे. तेव्हापासून मी क्लायंटकडे गेले की आधी विचारते: तुमच्या काउंटरवर, फोनवर रोज कोणता प्रश्न येतो? त्याचं उत्तर बहुतेक वेळा साइटवरच्या कुठल्यातरी चित्रात किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकलेलं असतं.

कायदा सांगतेच, शेवटी सांगते. शेअर बाजाराशी संबंधित क्लायंट असेल तर सेबी ह्या बाजार नियामकाचं ३१ जुलै २०२५ चं डिजिटल सुगम्यतेबद्दलचं परिपत्रक आहे, ते दाखवते. सुगम्यतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ आहे, सरकारी साइटसाठी जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पण ते 'हे करायचं ठरलंय, आता कोणत्या मापाने करायचं' ह्या टप्प्यावर.

आणि एक विनंती. मेच्या तिसऱ्या गुरुवारी जागतिक सुगम्यता जागृती दिन असतो, ३ डिसेंबरला दिव्यांग दिन. त्या दोन दिवशी सगळे पोस्टर टाकतात. तुझ्या क्लायंटला सांग, त्या दिवशी पोस्टरऐवजी साइटवरची एक दुरुस्ती करा आणि काय दुरुस्त केलं ते लिहा.

---

अक्षरजुळारी (कोल्हापूर)

ताई, आज एक केलं. गल्लीतल्या तालमीचं रक्तदान शिबिर आहे. पोस्टर नेहमीसारखंच, पण खाली मजकूर फोनवर बोलून टाइप केला आणि मंडळाच्या ग्रूपवर टाकायला लावला. पिवळ्यावरचा पत्ता लाल होता, तो काळा केला. गोदाकाठ साहेब, तुम्हाला मजकूर मेसेज केलाय. कसा वाचला जातो सांगाल का?

---

गोदाकाठ (नाशिक)

वाचला. तारीख, वार, वेळ, जागा, सगळं व्यवस्थित कळलं. तालमीच्या नावातला रफारही बरोबर उच्चारला.

एकच. संपर्काचा मोबाइल नंबर तुम्ही सलग दहा आकडी लिहिलाय. माझा फोन तो संख्या समजून कोटी, लाख, हजार असा वाचतोय. पाच-पाच आकड्यांमध्ये एक मोकळी जागा सोडा.

---

अक्षरजुळारी (कोल्हापूर)

सोडली. पुन्हा पाठवलाय, ऐका.